ग्राफीनचे थर नक्की किती? एएफएम एक सांगतं, रामन दुसरंच

निळीशाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

पीएचडीचं पहिलं वर्ष आहे. ग्रॅफाइटवरून टेपने सोलून ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या अणुजाड थरांचे, फ्लेक (पापुद्रे) काढतेय, खाली नेहमीचा ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवाला सिलिकॉन वेफर. मायक्रोस्कोपखाली एक फ्लेक सापडलाय, अगदी फिकट, नीट बघितलं नाही तर नजरेतून सुटेल असा. त्याच्यावर एएफएम (बारीक सुईच्या टोकाने उंची मोजणारं सूक्ष्मदर्शक) केलं तर वेफरपासून फ्लेकच्या पृष्ठभागापर्यंतची उंची आली १.१ नॅनोमीटर. ग्रॅफाइटमधे दोन थरांतलं अंतर ०.३३५, म्हणजे सरळ भागाकार केला तर तीन थर झाले. मग रामन केलं (लेझर टाकून परतणाऱ्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम बघणं), ५३२ नॅनोमीटरचा लेझर, त्यात टू-डी पीक आणि जी पीक ह्या ग्राफीनच्या दोन मुख्य पीकच्या उंचीचं गुणोत्तर आलं १.५. ग्रुपमधले सीनियर म्हणतात २ च्या वर असेल तरच मोनोलेयर (एक थर), १ ते २ म्हणजे बायलेयर (दोन थर). आणि मला नुसतं डोळ्यांनी बघून तो एकच थर वाटतोय.

म्हणजे तीन, दोन आणि एक, सगळी उत्तरं हजर आहेत. विश्वास कशावर ठेवायचा? ह्याच फ्लेकवर पुढे डिव्हाइस बनवायचंय, त्यामुळे अंदाजपंचे चालणार नाही.

कार्बनवेडा

एएफएमचा आकडा आधी बाजूला ठेवा. रामनवर जा, पण गुणोत्तरावर नको. टू-डी पीकची रुंदी किती आहे, म्हणजे अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी? आणि एकाच लोरेंट्झियनमधे (एका सममित वक्रात) नीट बसतो का? २५-३० वेव्हनंबर (रामनच्या आलेखाचं एकक) रुंद आणि सममित असेल तर मोनोलेयर. ५० च्या आसपास असेल आणि डावीकडे खांदा दिसत असेल तर बायलेयर. विषय संपला.

अनामिक_वाचक

मी ह्या क्षेत्रातला नाही, पण हे वाचून थक्क झालो. एका अणूच्या जाडीची वस्तू साध्या मायक्रोस्कोपमधे दिसतेच कशी??

लेन्सवाला

@अनामिक_वाचक, फार योग्य प्रश्न विचारलात, कारण थर मोजायची पहिली पायरी तिथेच आहे.

हवेत टांगलेला ग्राफीनचा एक थर दृश्य प्रकाशातला २.३ टक्के प्रकाश शोषतो. हे २००८ मधे मोजलं गेलं आणि गंमत अशी की तो आकडा पदार्थाच्या बाकी कुठल्या गुणधर्मावर नाही, फक्त पाय (π) गुणिले फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट (भौतिकशास्त्रातला एक मूलभूत स्थिरांक) एवढ्यावरच ठरतो. परावर्तन तर ०.१ टक्क्याहून कमी. म्हणजे काचेवर ठेवलात तर दिसणं कठीणच. पण सिलिकॉनवर ठरावीक जाडीचा ऑक्साइड असेल तर ऑक्साइडच्या वरून आणि खालून परतणाऱ्या किरणांचं व्यतिकरण (इंटरफेरन्स) होतं, आणि वर आलेला ग्राफीनचा एक थर त्या सगळ्या हिशोबात पुरेसा फरक पाडतो. म्हणून ३०० किंवा ९० नॅनोमीटर ऑक्साइड वापरतात, आणि हिरव्या प्रकाशात सगळ्यात छान दिसतं. ऑक्साइड ३०० च्या ऐवजी ३१५ झाला, म्हणजे फक्त ५ टक्के फरक, तरी मोनोलेयर दिसेनासा होऊ शकतो. २००४ मधे मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांना जे सापडलं त्यात टेपइतकाच ह्या ऑक्साइडचाही वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. टेपने ग्रॅफाइट सोलणं लोक आधीपासून करतच होते, पण सोललेल्या ढिगाऱ्यातला नेमका एकेरी तुकडा दिसला पाहिजे ना!

निळीशाई, तुमचं डोळ्यांचं मत टाकाऊ नाहीये. फक्त त्याला आकडा द्या. फोटो रॉ फॉरमॅटमधे घ्या, ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद, नुसता ग्रीन चॅनल काढा. वेफरची तीव्रता वजा फ्लेकची तीव्रता, भागिले वेफरची तीव्रता. हाच कॉन्ट्रास्ट. त्याच वेफरवर दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे फ्लेक असतील तर पहिल्या काही थरांपर्यंत हे आकडे जवळजवळ समान पायऱ्यांनी वाढताना दिसतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे एक थर.

अनामिक_वाचक

धन्यवाद! वाचनखूण साठवली.

थर्मोकपल

लेन्सवाला यांच्याशी सहमत, पण एक पुरवणी. मोजलेला कॉन्ट्रास्ट पेपरात छापलेल्या आकड्याशी ताडायला जाऊ नका. दिवा, फिल्टर, ऑब्जेक्टिव्हचा न्यूमेरिकल अपर्चर, कॅमेरा, ऑक्साइडची खरी जाडी, ह्यातलं काहीही बदललं की आकडा हलतो. एकाच्या लॅबमधे ६ टक्के येईल, दुसरीकडे ९ येईल, आणि दोघांचाही मोनोलेयरच असेल. आपल्याच सेटअपवर, आपल्याच वेफरच्या बॅचवर, एक रामनने पक्का केलेला फ्लेक ठेवायचा आणि त्याच्याशी तुलना करायची. आणि फोटोच्या कडा टाळा, तिथे प्रकाश मुळातच कमी पडतो. शक्यतो फ्लेकच्या अगदी शेजारचा मोकळा वेफर घ्या पार्श्वभूमी म्हणून.

मुक्ता२१

एएफएमबद्दल कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितेय, कारण १.१ बघून "तीन थर" म्हणणं हा ह्या विषयातला सगळ्यात जास्त वेळा दिसणारा गैरसमज आहे आणि छापून आलेल्या पेपरांतसुद्धा सापडतो.

तुम्ही मोजताय ती उंची ग्राफीनची नाहीये, ती ग्राफीन आणि ऑक्साइड मिळून झालेल्या पायरीची आहे. दोघांच्या मधे पाण्याचा पातळ थर अडकलेला असतो, ऑक्साइड खडबडीत असतो, आणि मुख्य म्हणजे टॅपिंग मोडमधे (सुई ठोके देत फिरते तेव्हा) टिपचं, म्हणजे सुईच्या टोकाचं, ग्राफीनशी असलेलं आकर्षण आणि ऑक्साइडशी असलेलं आकर्षण सारखं नसतं, त्यामुळे एकाच फ्लेकवर सेट पॉइंट (ठोक्यांचा जोर ठरवणारी सेटिंग) बदलला की उंची बदलते. मोनोलेयरसाठी ०.४ पासून दीड नॅनोमीटरच्याही वर गेलेले आकडे छापून आलेले आहेत. म्हणजे तुमच्या १.१ मधे एक थर आरामात बसतो.

एएफएम निरुपयोगी आहे असं मात्र अजिबात नाही. ग्राफीनवरून ग्राफीनवर चढणारी पायरी मोजा. फ्लेकची एखादी कड स्वतःवरच दुमडलेली असते, किंवा शेजारी एक थर जास्त असलेला भाग असतो. तिथे खाली-वर दोन्हीकडे पदार्थ एकच, मग टिपला फसायला जागा नाही. दुमडलेल्या जागी उंची ०.३५-०.४ ने वाढली तर दुमडलेला पापुद्रा एकच थराचा. ०.७ वाढली तर दोन. तुमच्या फ्लेकला घडी आहे का कुठे?

कार्बनवेडा

+१ मुक्ताताई. घडी ही देवाने दिलेली पट्टी आहे. :)

आडवाटा

कार्बनवेडा, तुमच्या "विषय संपला" ला माझा आक्षेप आहे.

टू-डीच्या रुंदीवरून बायलेयर ओळखता येतो तो ए-बी रचनेचा, म्हणजे ग्रॅफाइटमधे जसे थर बसलेले असतात तसा. २००६ मधे फेरारी आणि सहकाऱ्यांनी जे दाखवलं ते हेच: ए-बी बायलेयरमधे इलेक्ट्रॉनिक बँड दुभंगतात, त्यामुळे टू-डीचे चार घटक होतात आणि पीक रुंद होतो. पण थर एकमेकांवर वेड्यावाकड्या कोनात बसले असतील तर? मोठ्या कोनात वळलेल्या बायलेयरचा टू-डी एकेरी आणि अरुंदच दिसतो, कधी कधी मोनोलेयरपेक्षाही उंच. सीव्हीडीने (वायूतून पृष्ठभागावर) वाढवलेल्या, किंवा एकावर एक ट्रान्सफर केलेल्या नमुन्यात हे सर्रास होतं. टर्बोस्ट्रॅटिक ग्रॅफाइटचंही (थर कसेही वळलेलं ग्रॅफाइट) तेच, टू-डी एकेरीच, फक्त रुंदी वाढलेली. अशा वेळी रामन बघून "मोनोलेयर" लिहिणारे लोक आहेत.

आणि इथेच साधा मायक्रोस्कोप कामाला येतो. थर कितीही वळलेले असोत, शोषण बेरजेनेच होणार. कॉन्ट्रास्ट दुप्पट तर थर दोन.

कार्बनवेडा

मान्य आहे की वळलेल्या थरांत गडबड होते, पण धागाकर्तीने टेपने सोललेला फ्लेक सांगितलाय, चांगल्या क्रिस्टलमधून आलेला. तिथे ए-बी रचनाच मिळते बहुतेक वेळा. माझं विधान त्याच संदर्भात होतं आणि त्याच्यावर मी ठाम आहे.

आडवाटा

बरोबर, पण मग ते "सोललेल्या फ्लेकसाठी" असं आधी लिहायला हवं. धागा उद्या कोणीतरी सीव्हीडीचा नमुना घेऊन वाचेल. नमुना कसा बनलाय हे विचारल्याशिवाय थर मोजायची पद्धत सुचवूच नये असं मला वाटतं.

पावडरप्रश्न

मी नेमका तोच दुसरा माणूस. :) आमच्याकडे कोटिंगमधे घालायला ग्राफीनची पावडर येते. डब्यावर "फ्यू लेयर" लिहिलेलं असतं. सोबत एक रामनचा आलेख देतात, त्यात टू-डी पीक असतो. त्यावरून काही कळतं का? आणि एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करून चालेल का, ते आमच्याकडे आहे.

थर्मोकपल

पावडरीत दिलेल्या एका आलेखावरून जवळजवळ काहीच कळत नाही. लेझरचा ठिपका साधारण मायक्रॉनभर असतो, पावडरीतले फ्लेक त्याच्याहून लहान आणि एकावर एक रचलेले, मग तुम्हाला मिळतो तो ढिगाचा सरासरी स्पेक्ट्रम. शिवाय टू-डी पीक ग्रॅफाइटलाही असतोच!! तो "असणं" हा पुरावाच नाही, त्याचा आकार बघायला लागतो. ग्रॅफाइटमधे तो दोन घटकांचा, उजवा उंच डावा बुटका, आणि जीपेक्षा ठेंगणा.

एक्सआरडी करा, स्वस्तात बरंच कळेल. तांब्याच्या किरणांवर २६.५ अंशांपाशी ग्रॅफाइटचा शून्य-शून्य-दोन पीक येतो. तो थरांच्या रचनेमुळेच येतो, एकट्या थराला तो असूच शकत नाही. तिथे टोकदार उंच पीक आला तर डब्यात मुख्यतः ग्रॅफाइट आहे. पीकच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने रचलेल्या भागाची सरासरी जाडीही निघते. पण सुकवताना सुटे थर पुन्हा चिकटतात हे लक्षात ठेवा, म्हणजे एक्सआरडी डब्यातली स्थिती सांगेल, द्रावात विखुरल्यावरची नाही.

जुनाखेळाडू

पावडरवाल्यांनी एक गोष्ट माहिती असू द्यावी. २०१८ मधे सिंगापूरच्या गटाने जगभरातल्या ६० कंपन्यांचे नमुने तपासून पेपर लिहिला. दहापेक्षा कमी थर असलेल्याला ग्राफीन मानायचं ठरवलं, तरी बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं, आणि निम्म्याच्या वर एकाही नमुन्यात नव्हतं. बाकी सगळी बारीक ग्रॅफाइट. त्यानंतर मोजमापाबद्दल गांभीर्य वाढलं. व्याख्या तशा २०१७ च्या आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) कागदात आहेत: एक थर, दोन थर, आणि ३ ते १० थर म्हणजे फ्यू लेयर. पावडर आणि द्राव कसे तपासायचे ह्याचा वेगळा आयएसओ कागद २०२१ ला आला, तो मिळवून वाचाच.

पद्धत सांगतो. पावडर योग्य द्रावकात अगदी विरळ करून वेफरवर टाका, सुटे फ्लेक मिळाले पाहिजेत. मग एएफएमने भरपूर फ्लेक मोजा आणि जाडीचं वितरण काढा, एका देखण्या फ्लेकचा फोटो नको. पृष्ठफळ मोजायची सोय असेल तर तेही करा, पूर्ण सुट्या एकेरी थराचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅमला २६३० चौरस मीटर असतं, तुमचा आकडा त्याच्या किती खाली आहे ते बघितलं की डबा काय आहे ते समजतं.

थर्मोकपल

हे खूप महत्त्वाचं लिहिलंत. पण कोटिंगसाठी तीन थर आहेत का पाच ह्याने फारसं बिघडत नाही, फ्लेकची लांबी-रुंदी आणि द्रावातलं पसरणं जास्त महत्त्वाचं. तीस थर की तीनशे थर ह्याने मात्र बिघडतं.

मुक्ता२१

थर्मोकपल, डिव्हाइसवाल्यांसाठी मात्र एक आणि दोन ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोनोलेयरमधे इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे वागतात, बायलेयरमधे त्यांना वस्तुमान असतं आणि विद्युतक्षेत्र लावून गॅप (ऊर्जेतली फट) उघडता येतो. थर चुकीचे मोजले तर पुढचं सगळं विश्लेषणच वेगळ्या पदार्थाचं होईल.

जुनाखेळाडू

आणि म्हणूनच शंकेला जागा नको असेल तर शेवटचं न्यायालय क्वांटम हॉल (चुंबकीय क्षेत्रात रोध ठरावीक पायऱ्यांनी बदलण्याचा परिणाम). मोनोलेयरला अर्ध्या पूर्णांकांची मालिका येते, २००५ मधे दोन गटांनी ती एकाच वेळी दाखवली. बायलेयरची मालिका वेगळी. पण त्यासाठी डिव्हाइस, चुंबकीय क्षेत्र आणि थंडी तिन्ही लागतात, म्हणजे थर मोजायला डिव्हाइस बनवायचं आणि डिव्हाइस बनवायला थर मोजायचे!

अवांतर: ज्या टेपने हे सगळं सुरू झालं तिचा डिस्पेन्सर आणि ग्रॅफाइटचा गोळा गाइम-नोवोसेलोव यांनी २०१० मधे स्टॉकहोमच्या नोबेल म्युझियमला देऊन टाकला.

लेन्सवाला

वा! मला तो डिस्पेन्सर बघायचाय.

वाऱ्यावरचा

टीईएमचं (इलेक्ट्रॉन आरपार पाठवणाऱ्या मायक्रोस्कोपचं) नाव कसं नाही घेतलं कोणी? कड बघायची, रेषा मोजायच्या, झालं.

जुनाखेळाडू

कडेला दिसणाऱ्या रेषा म्हणजे बऱ्याचदा दुमडलेली कड असते, त्यामुळे नुसत्या रेषा मोजून भागत नाही. इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन जास्त भरवशाचं. एकाच थरात आतल्या षट्कोनातले ठिपके बाहेरच्या षट्कोनापेक्षा तेजस्वी असतात, ए-बी बायलेयरमधे उलट, बाहेरचे तेजस्वी. आणि नमुना कलता करत गेलात तर मोनोलेयरच्या ठिपक्यांची तीव्रता फारशी हलत नाही, जास्त थरांत ती झपाट्याने वरखाली होते. पण निळीशाई यांचा फ्लेक वेफरवर बसलाय, टीईएमसाठी तो उचलून जाळीवर न्यावा लागेल आणि मग डिव्हाइस विसरा.

निळीशाई

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं पुन्हा बसून बघितलं, आकडे देते.

टू-डीची रुंदी २८, एका लोरेंट्झियनमधे छान बसतो, खांदा नाही. फ्लेकच्या वरच्या कोपऱ्यात खरंच घडी आहे, तिथली पायरी ०.३८ नॅनोमीटर. ग्रीन चॅनलचा कॉन्ट्रास्ट काढला, आणि शेजारचा एक थोडा गडद फ्लेक आहे त्याचा ह्याच्या जवळपास दुप्पट आला. त्या गडदवाल्याचा टू-डी ५१ रुंद आहे, डावीकडे खांद्यासकट.

म्हणजे माझा एकच थर आहे ना? पण मग गुणोत्तर १.५ का? सीनियर अजून तिथेच अडून आहेत.

आडवाटा

एकच. तीन वेगवेगळ्या भौतिक कारणांवर चालणाऱ्या पद्धती एकच उत्तर देतायत, आता शंका नको. गुणोत्तरासाठी एक सांगा, जी पीक नक्की कुठे आहे आणि किती रुंद?

निळीशाई

१५९३ ला, रुंदी साधारण ८.

आडवाटा

मग झालं उत्तर. तुमचा फ्लेक डोप झालाय, म्हणजे बाहेरून त्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन किंवा होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) आलेत.

डोपिंग नसलेल्या मोनोलेयरचा जी १५८०-८५ च्या दरम्यान आणि रुंदी १५ च्या आसपास असते. इलेक्ट्रॉन किंवा होल वाढले की जी वर सरकतो, अरुंद होतो, आणि टू-डीची उंची जीच्या तुलनेत उतरते. बंगळुरूच्या आयआयएससीत सूद यांच्या गटाने २००८ मधे ट्रान्झिस्टरवर गेट व्होल्टेज बदलत बदलत हे पायरीपायरीने मोजून दाखवलंय. उघड्या हवेत ऑक्साइडवर बसलेल्या ग्राफीनला पाणी-ऑक्सिजनमुळे होल डोपिंग होतंच. मुक्ताताईंनी सांगितलेलं खाली अडकलेलं पाणी आठवा, तुमची १.१ ची उंची आणि हे १.५ चं गुणोत्तर दोन्ही बहुधा एकाच घरातून आलेत.

गुणोत्तर थरांवर अवलंबून असतं, पण डोपिंगवर, लेझरच्या तरंगलांबीवर, आणि ऑक्साइडमधल्या व्यतिकरणावरही असतं. सीनियरना दाखवायचं असेल तर त्याच गडद फ्लेकचं गुणोत्तर काढून शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या टू-डीचे आकार एकावर एक काढून दाखवा. आकार बघितल्यावर वाद उरत नाही.

कार्बनवेडा

आणि लेझरची पॉवर एक मिलिवॉटच्या खाली ठेवा, फ्लेक तापला की पीक सरकतात आणि डोपिंगचा अंदाज बिघडतो. सिलिकॉनचा ५२० चा पीक दरवेळी तपासा म्हणजे कॅलिब्रेशनची शंका नको.

पावडरप्रश्न

आमच्या पावडरीचं एक्सआरडी झालं. २६.५ ला सुईसारखा पीक आलाय.

थर्मोकपल

मग मुख्यतः ग्रॅफाइटच. पुरवठादाराला विरळ नमुन्यावरच्या एएफएमचं वितरण मागा, किती फ्लेक मोजले त्या संख्येसकट. देत नसतील तर दुसरीकडे बघा.

निळीशाई

दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून दाखवले, पटलं त्यांना. आता शेवटचा प्रश्न. त्याच वेफरवर अजून एक फ्लेक आहे, कॉन्ट्रास्ट पाहता चार किंवा पाच थर असावेत. टू-डी रुंद आहे पण चार आणि पाचमधला फरक मला त्यात दिसत नाहीये. कसं ठरवू?

आडवाटा

टू-डीवरून नाही ठरणार, पाचच्या पुढे तर तो ग्रॅफाइटसारखाच दिसायला लागतो. लो फ्रीक्वेन्सी रामनची सोय आहे का बघा, लेझरच्या रेषेच्या अगदी जवळ जाणारे नॉच फिल्टर (फक्त लेझरचा रंग अडवणारे) लागतात. तिथे थर एकमेकांवर आडवे सरकण्याचा शिअर मोड मिळतो. बायलेयरला ३१ वेव्हनंबर, थर वाढतील तसा वर चढत ग्रॅफाइटला ४३ च्या पुढे. मोनोलेयरला तो नाहीच, घासायला दुसरा थर नको का! चारला ४० आणि पाचला ४१ च्या थोडं वर येईल, म्हणजे जेमतेम एका वेव्हनंबरचा फरक, त्यामुळे रिझोल्यूशन चांगलं हवं.

मुक्ता२१

ती सोय नसेल तर त्या फ्लेकला पायऱ्या आहेत का बघा. कडेला कुठे ना कुठे पातळ भाग असतोच. सगळ्यात पातळ भाग रामनने पक्का करा, आणि तिथून एएफएमने ग्राफीन-ते-ग्राफीन पायऱ्या मोजत वर चढा. वेफरवरून थेट उडी मारू नका.

निळीशाई

खालच्या बाजूला पातळ जीभ आहे एक. उद्या स्लॉट मिळालाय, तिथूनच सुरू करते.